वानरांसाठी काढलेले आवाज

ज्योत्स्नाच्या पेटीला घरात ज्याचं त्याचं वेगळं नाव होतं. सासूबाई म्हणत 'तिचं रेडिओचं काम'. नवरा ललित म्हणे 'मॅडमची लॅब'. बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात खाली त्यांचं कापडाचं दुकान आणि वर घर. वरून घूं घूं सुरू झालं की दुकानातली जुनी गिऱ्हाइकं नुसतीच छताकडे बघत आणि पुढचं ठाण उलगडायला सांगत.

पेटी म्हणजे सिंथेसायझर, पण लग्नातल्या ऑर्केस्ट्रात असतो तसला नव्हे. याला पांढऱ्या-काळ्या पट्ट्याच नव्हत्या. छोट्या सुटकेसएवढ्या लाकडी खोक्यात पत्र्याचे उभे तुकडे शेजारी शेजारी बसवलेले, प्रत्येकावर थोडे नॉब आणि वायर खोचायला बारीक भोकं. एक तुकडा नुसता सूर काढायचा, दुसरा तो गाळून जाड किंवा पातळ करायचा, तिसरा त्याला चढवायचा-उतरवायचा, आणखी एक नुसता वाऱ्यासारखा सूं सूं करायचा. कोणाला कोणाशी जोडायचं हे रंगीत वायरींनी आपण ठरवायचं. वायर बदलली की वाद्यच बदललं.

ज्योत्स्ना एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. इंदुरात मैत्रिणीच्या भावाकडे तिने असा खोका पहिल्यांदा ऐकला आणि परतीच्या बसमध्ये तिला दुसरं काही सुचेना. मग एकेक तुकडा मागवत, काही स्वतः डाग देऊन जोडत तिने आपली पेटी भरत नेली. तिची चाळिशी उलटली होती. दागिन्यांची हौस नव्हती, फिरायची नव्हती. हीच एक होती.

"पण याच्यावर गाणं वाजतं का?" असं कोणी ना कोणी विचारायचंच.

"गाणं असं नाही वाजत."

"मग याचा उपयोग काय?"

त्यावर ती हसून वायरी काढून ठेवायची.

त्या उन्हाळ्यात तिने पेटीसाठी चार्जिंगची बॅटरी घेतली. पेटी आता विजेशिवाय कुठेही चालणार होती. शाळेला सुट्या लागल्या, ललितचे लग्नसराईचे दिवस होते, त्याला दुकानातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. ज्योत्स्ना पेटी आणि एक स्पीकर घेऊन फोपनारला मामाकडे गेली.

दिगंबरमामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. गावाबाहेर त्याची केळीची बाग. मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा भोपाळला नोकरीला. घरात मामा आणि सोजरमामी, दोघंच. त्यामुळे भाची आली की दोघांनाही हुरूप यायचा, मग ती सोबत काय घेऊन आली याची ते फारशी चौकशी करत नसत.

सकाळी ऊन तापायच्या आत ज्योत्स्ना मामीबरोबर शेतात गेली. मोटरच्या खोलीजवळ मोठा कडुनिंब होता. त्याखालच्या बाजेवर तिने पेटी उघडली. बुधवाऱ्यात तिला कायम आवाज लहान ठेवावा लागे. इथे चारी बाजूंना केळीच केळी. तिने स्पीकर मोठा केला आणि एक लांब, खोल सूर सोडला. तो पानांत शिरला आणि परत आलाच नाही. तिला फार बरं वाटलं.

मग तिच्या हातून एक वायर भलत्याच भोकात गेली आणि स्पीकरमधून अशी किंचाळी निघाली की तिने स्वतःच कान झाकले. त्याच वेळी मागे बागेत धाडधाड पानं वाजली. काळतोंड्या वानरांचा एक कळप शेपट्या उंच करून बांधावरून पळत सुटला. सगळ्यात मागच्या वानरीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं आणि तिच्या तोंडात अर्धं केळफूल होतं.

मामा फावडं घेऊन बागेतून बाहेर आला. "काय केलं व तू?"

"चुकून झालं मामा. बंद करते."

"बंद नको करू. पुन्हा कर."

ज्योत्स्ना त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिच्या पेटीला उद्देशून 'पुन्हा कर' असं कोणी म्हटलं नव्हतं.

उन्हाळ्यात सातपुड्यातलं पाणी आटलं की वानरं खाली बागांत उतरत. केळफुलं ओरबाडत, घडातली केळी अर्धी खाऊन टाकून देत. मामाने फटाके लावून पाहिले होते, जुन्या सीड्या दोरीला टांगून पाहिल्या होत्या, मोबाईलवर वाघाची डरकाळीसुद्धा वाजवून पाहिली होती. प्रत्येक गोष्ट चार दिवस चालायची. डरकाळी रोज एकसारखीच येते हे वानरांना समजलं आणि मग ती वाघासमोर बसून केळी खाऊ लागली.

"ह्याच्यातून रोज येगळा आवाज निघतो का?" मामाने विचारलं.

"रोज कशाला मामा, दर मिनिटाला निघेल. एकदा निघालेला परत तसाच काढणं हेच कठीण आहे याच्यात."

"बस. मंग झालं आपलं काम."

सोजरमामी बाजूला मिरच्या निवडत होती. "वा. तुझा मामा आता वानराहिले गाणे ऐकवणार," ती म्हणाली. "आमच्या लग्नात साधा बेंड नव्हता आणला."

दुसऱ्या दिवसापासून ज्योत्स्ना कामाला लागली. ती आतापर्यंत आपल्या कानाला जे गोड लागेल ते शोधत आली होती. आता ज्याने वानराच्या अंगावर काटा येईल ते शोधायचं होतं, आणि त्यात तिला विलक्षण मजा येऊ लागली. पत्रा फाटल्यासारखे, दगडावर साखळी ओढल्यासारखे, तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यासारखे आवाज तिने काढले. एका आवाजाने मोटरच्या खोलीतली पाल भिंतीवरून खाली पडली. मामाला एकेक आवाज आवडत चालला होता. वानरं नसतानाही तो म्हणे, "तो कालचा फाटका आवाज लाव ना जरा."

पहिले काही दिवस वानरं पळाली. मग नुसती बांधापर्यंत सरकू लागली. कळपात एक थोराड हुप्प्या होता. तो कायम उंच जागी बसून सगळ्यांवर नजर ठेवायचा, म्हणून मामीने त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. एका सकाळी ज्योत्स्ना अगदी जीव तोडून साखळी ओढत होती आणि हा मुकादम मोटरच्या खोलीच्या छतावर येऊन बसला, काख खाजवत, मान वाकडी करून पेटीकडे बघत. बाकीचे बांधावर रांगेने बसले.

"ऐकायले आले," मामी म्हणाली. "चटई टाकू का त्याहिले?"

ज्योत्स्नाने हार मानली नाही. तिच्या पेटीत एक तुकडा असा होता की तो आपल्या मर्जीने, कशाही वेळी, कसाही झटका द्यायचा. तो जोडला तेव्हा आवाज केव्हा येईल आणि कसला येईल हे तिलाही कळेना. मग वानरांनाही कळेना. कळप पुन्हा बिचकला. त्या दिवशी मामाने खुशीत येऊन भाचीला शेवभाजी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बागेचा मालक गोटू मोटारसायकलवरून आला. वयाने पस्तिशीचा, पण सगळं फोपनार त्याला गोटूच म्हणायचं. तो गाडीवरून उतरलाही नाही.

"दिगूकाका, तुमचे वानरं माह्या बागेत येऊन ऱ्हायले."

"माहे कायचे? वानरं काय मी पाळले?"

"तुम्ही इकडून हाकलता ते तिकडंच येतीन ना. काल येका दिवसात पुरी लाइन साफ करून टाकली. हे मशीन बंद करा, नाही तर मलेबी येक आणून द्या."

गोटूचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तरी मामाला राग आला. ज्योत्स्नाला अपराध्यासारखं झालं. आपण पेटी वाजवतो आणि दुसऱ्याची केळी जातात, हे तिच्या मनात आलंच नव्हतं.

"दादा, मला दोन दिवस द्या," ती म्हणाली. "दोन्ही बागांना चालेल असं काही जमतं का बघते."

तिला एक गोष्ट सुचली होती. आदल्या दिवशी गावातलं एक कुत्रं बांधावर आलं होतं तेव्हा मुकादम एकदाच, छातीतून, 'खॉक्' असा खाकरला होता, आणि सगळा कळप क्षणात खाणं टाकून निघून गेला होता. वानराला माणसाने काढलेला आवाज भीती दाखवत नसेल, पण मुकादमाचा दाखवतो. त्याचाच आवाज काढला तर?

"मोबाईलमध्ये भरून घ्या ना मंग," गोटू म्हणाला.

"मोबाईल वाघासारखाच होईल. रोज तेच ते. मला मुकादम हवा, रोज थोडा वेगळा खाकरणारा."

गोटू गाडी स्टँडवर लावून खाली उतरला. त्याला आता बघायचं होतं.

वाऱ्यासारख्या सूं सूंमधून थोडासा तुकडा कापायचा, तो गाळून जाड करायचा, झटक्यात चढवून झटक्यात सोडायचा. कागदावर सोपं होतं. पण तिने काढलेला पहिला खाकरा शिंकेसारखा झाला, दुसरा दार आपटल्यासारखा. मामी बाजेच्या कडेला येऊन बसली.

"असं नाही. तो आधी दम खातो, मंग सोडतो," ती म्हणाली आणि तिने स्वतःच तोंडाने करून दाखवलं. गोटू खो खो हसला. मामीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "पुन्हा लाव. अजून जाड पाहिजे. हा कोणता गोल फिरवला तू?"

"हा. हा डावीकडे नेला की आवाज जाड होतो."

"मंग ने ना अजून. थांब, मी नेते."

मामीने पहिल्यांदाच पेटीला हात लावला. चुलीवरचं दूध उतू जाईल की काय अशा बेताने तिने तो नॉब फिरवला, आणि स्पीकरमधून जे निघालं त्याने कडुनिंबावरचे कावळे उडाले. पुढची सकाळही त्यातच गेली. ज्योत्स्ना वायरी जोडायची, मामी फिरवायची, मामा आणि गोटू लांब बांधावर उभे राहून हाताने खुणा करायचे, बरोबर की चूक. अखेर मामाने दोन्ही हात वर केले.

तिसऱ्या दिवशी वानरं आली. ज्योत्स्नाने ती बागेत शिरेपर्यंत वाट पाहिली आणि मग खाकरा सोडला. एकदा. थोडं थांबून पुन्हा, जरा खालच्या आवाजात.

बागेत एकदम शांतता झाली. मग सगळीकडून पानं फाटल्याचा आवाज आला आणि अख्खा कळप वाऱ्यासारखा धावत निघाला, पण बांधाकडे नाही. तो सरळ त्यांच्याच अंगावर आला. गोटू मोटरच्या खोलीत घुसला. वानरं बाजेच्या दोन्ही बाजूंनी गेली, एक तर पेटीवरून उडी मारून गेलं, आणि बघता बघता सगळीच्या सगळी कडुनिंबावर चढली. मोठी, लहान, पोटाला पिल्लं चिकटलेल्या माद्या. प्रत्येक फांदीवरून शेपट्या लोंबत होत्या आणि प्रत्येक काळं तोंड वाघ कुठे आहे ते शोधत होतं.

"अरे हां," ज्योत्स्ना हळूच म्हणाली. "धोका दिसला की ती झाडावर चढणारच."

"आणि झाड आपलंच हाये," मामा म्हणाला.

मामी बाजेवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने पदर तोंडात धरला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसू थांबेना. तिचं बघून मामा हसला, खोलीच्या दारातून गोटू हसला, आणि ज्योत्स्नालाही आवरेना. वर कळप एकदम गप्प बसून या चौघांकडे बघत होता.

वानरं दुपारपर्यंत खाली उतरली नाहीत. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन सगळे मोटरच्या खोलीच्या सावलीत गेले, कारण झाडाखाली जेवण्यासारखी परिस्थिती राहिली नव्हती. पण जेवताना गोटूने एक गोष्ट बोलून दाखवली. सकाळपासून एकाही वानराने ना मामाचं केळं खाल्लं ना त्याचं. कुत्र्याला वानरं खरंच भितात हे त्या दिवशी बांधावर मामा-मामींनीही पाहिलं होतं. गुरं राखणाऱ्या निंबाकडे दोन तरतरीत कुत्रे होते. दोन्ही बागांवर मिळून त्यालाच ठेवला तर?

"हे आधी सुचलं असतं तर मशीन कायले लागलं असतं?" मामा म्हणाला.

"मशीन नसतं तर मी तुमच्या बांधावर जेवायले बसलो असतो का काका?" गोटू म्हणाला आणि त्याने आणखी एक भाकरी घेतली.

निंबा आणि त्याचे कुत्रे आले. वानरं पूर्ण थांबली असं नाही, पण बांधाच्या अलीकडे फारशी येईनाशी झाली. पेटीची नोकरी संपली. ज्योत्स्नाला जरा चुकल्यासारखं वाटत होतं. आता कोणी 'पुन्हा कर' म्हणणार नाही, असं समजून ती पेटीवरची धूळ पुसत होती, तेवढ्यात मामी हात धुऊन शेजारी येऊन बसली.

"आता ती रिकामीच हाये ना? मंग सरकव इकडं."

"काय काढायचंय मामी?"

"मले काय माहीत? पाहू काय निघते ते."

ज्योत्स्नाने तिला सूर काढणारे दोन तुकडे जोडून दिले आणि बाकीचं तिच्यावर सोडलं. मामीला घाई नव्हती. एक नॉब ती किती तरी वेळ नुसताच इकडून तिकडे फिरवत बसायची, जणू सुपात धान्य पाखडतेय. दोन सूर जवळ आले की त्यांच्यात एक थरथर सुटते, अजून जवळ आणले की ती थरथर हळू होत जाते, हे तिला तिचं तिलाच सापडलं. तेवढ्यावर तिने एक अख्खी सकाळ घालवली. मामा भाजीला काय आहे विचारायला आला तेव्हा तिने हातानेच त्याला थांब म्हणून सांगितलं.

सुट्टी संपत आली तोवर मामीचा एक आवाज तयार झाला होता. खाली एक जाड सूर, त्याच्या अंगाला अंग लावून दुसरा, आणि दोघांवरून मधूनच जाणारी एक बारीक झुळूक. तो सकाळभर चालू राहिला तरी कंटाळा येत नसे. त्या आवाजात मामी मिरच्या निवडायची, मामा ठिबकच्या नळ्या तपासायचा, आणि पलीकडून गोटू कधी कधी उगीचच बांधावर येऊन बसायचा.

"हे कायच्यासारखं वाटतं हो काकू?" त्याने एकदा विचारलं. "देवळासारखं?"

"नाही."

"पाण्याच्या मोटरसारखं?"

"कायच्यासारखंच नाही वाटत," मामी म्हणाली. "म्हणून तर बरं वाटते."

निघायच्या दिवशी ललित गाडी घेऊन आला. चहा झाला, केळीचा एक घड डिकीत गेला. ज्योत्स्ना पेटी बंद करायला बाजेपाशी आली तेव्हा मामी आधीच तिथे उभी होती.

"हा आवाज ठेवून देता येतो का ह्याच्यात? फोटोसारखा?"

"नाही मामी. याला लक्षात राहत नाही काही. झाकण लावायला वायरी काढाव्या लागतात. वायरी काढल्या की गेला."

मामीने थोडा विचार केला. "मंग काढू नको."

"पण झाकण बसणार नाही."

"नको बसू दे. मांडीवर घेऊन जा. तू लहानपणी माह्या मांडीवर बसून बुऱ्हाणपूरले जायची, तेव्हा तुले काय झाकण होतं का?"

ज्योत्स्नाने ललितकडे पाहिलं. ललितने पुढचं सीट मागे सरकवलं आणि दार उघडून धरलं. पेटी तिच्या मांडीवर आली, वायरी सगळ्या जागच्या जागी. वरून मामीने आपला धुतलेला सुती स्कार्फ टाकला, धूळ लागू नये म्हणून. रस्त्यावर खड्डा आला की ललित गाडी इतकी हळू चालवायचा की मागच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला. तो काही म्हणेल असं ज्योत्स्नाला वाटलं होतं. तो फक्त एवढंच म्हणाला, "मामीने केलेला म्हणजे नेमका कसा आहे आवाज?"

"घरी गेल्यावर ऐकवते."

घरी गेल्या गेल्या तिने पेटी टेबलावर ठेवली, स्पीकर लावला आणि ललितला खुर्चीवर बसवलं. आवाज आला, पण फोपनारला होता तसा नव्हता. दोन सुरांमधली थरथर फार भरभर होत होती. गाडीतल्या एसीच्या गारव्याने म्हणा की हादऱ्यांनी म्हणा, एक सूर जागचा हलला होता. ज्योत्स्नाचा हात नॉबकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने मामाच्या फोनवर फोन लावला आणि फोन स्पीकरसमोर धरला.

पलीकडे मामाने मामीला हाक मारून फोन दिला. मग मामीचा आवाज आला.

"चढला तो. वरच्या रांगेतला दुसरा गोल, थोडा डाव्या हाताले घे. एवढा नाही. माघारी ये जरा."

ज्योत्स्ना जरा मागे आली. थरथर हळू होत गेली, आणखी हळू झाली, आणि खोलीत तो जाड, निवांत आवाज भरून राहिला. ललितने डोळे मिटले.

"हां," मामी म्हणाली. "आता ऱ्हाऊ दे."